सतरा नंबरची आई

३ एप्रिल
साहेब आज ग्राइंडरपाशी थांबले. सगळ्या शॉपसमोर म्हणाले, "जगताप, दसऱ्याला हिची पूजा करायची की हिला भंगारात घालायची, ते तुम्हीच ठरवा. पुस्तक तुमच्याकडूनच वाहून गेलं."
सहा वर्षं हेच ऐकतोय. एकसष्टच्या पुरात माझी नदीकाठची खोली गेली, तिच्याबरोबर मशीनचं इंग्रजी पुस्तक गेलं. रीतसर सही करून घरी नेलं होतं, उतरवून घ्यायला. चोरलं नव्हतं. पण गेलं ते गेलं. तेव्हा मशीन लोण्यासारखी चालत होती, पुस्तक कुणाला हवं होतं? आता वर्ष झालं, चाक फिरवणारा दांडा, स्पिंडल, थरथरतो, घासायच्या तुकड्यावर, जॉबवर, लाटा उठतात. आतून उघडून बसवायला हवा, आणि कसा उघडायचा ते कुणालाच माहीत नाही. जर्मनीला पत्र घातलं तर उत्तर आलं, हे मॉडेल बंद, पुस्तकं संपली.
बरोबर नेलेली जर्मन प्रत मात्र उरल्या भिंतीच्या वरच्या फळीवर होती, ती वाचली. फुगली, पिवळी पडली, मागची नकाशाची घडी चिकटून दगड झाली, पण वाचली. वाचली म्हणजे बचावली. वाचलेली अजून कोणी नाही.

५ एप्रिल
अप्पा बळवंत चौकातून जुना जर्मन-इंग्रजी कोश आणला, खिशात मावेल एवढा. इंग्रजीसाठी घरात मुलीचा कोश आहेच. म्हणजे जर्मनवरून इंग्रजी, इंग्रजीवरून मराठी. हडपसरहून कात्रजमार्गे स्वारगेटला जाण्याचा वळसा.
स्पिंडलच्या प्रकरणापासूनच सुरुवात केली. पहिलं वाक्य चार शब्दांचं. 'मान ल्योझे दी मुटर.' दिवेलागणीपासून जेवणापर्यंत तेवढंच. मान म्हणजे माणूस, नवरा. (कोशात शेवटी एक न जास्त आहे. छापणाऱ्याची चूक असेल.) ल्योझे म्हणजे सैल करणे. मुटर म्हणजे आई.
नवऱ्याने आईला सैल करावे.
तीनदा तपासलं. तेच येतंय. बायकोला, इंदूला, वाचून दाखवलं तर हातातली भाकरी खाली ठेवून हसत बसली. "अवो, मग थांबलाव का? पुढं वाचा की! लई शहाण्यानं लिवलंय."
आई कॉटवरून, "काय हाय गं?"
"काय न्हाई आत्याबाई, मशीनचं हाय."

९ एप्रिल
यूसुफभाईंना सांगितलं. शॉपमधले सगळ्यात जुने फिटर, मला कानस धरायला त्यांनीच शिकवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाषा आहे, थट्टा नाही. शिकवणारा बघ." त्यांचा भाऊ बाइंडिंगचं काम करतो. त्याचं एक गिऱ्हाईक आहे सदाशिव पेठेत, आगाशेबाई. कॉलेजात जर्मन शिकवायच्या, आता घरीच असतात.

१६ एप्रिल
आगाशेबाईंकडे गेलो. दार उघडून पहिलं वाक्य, "पाय पुसून या."
"जर्मन कशाला हवंय?"
"मशीनचं पुस्तक वाचायचंय."
"मशीनला वाचता येत नाही वाटतं."
पुस्तक दोन बोटांनी उचललं. "हे बुडवलंत का?" म्हटलं, पुरात सापडलं बाई. "मग पोहलं म्हणायचं. बसा."
छापणाऱ्याची चूक नाही, माझीच. 'मान'चा नवऱ्याशी संबंध नाही. मान म्हणजे कोणीही. करणारा कोण ते सांगायचंच नाही, काम तेवढं सांगायचं. सैल करावे. पुसावे. ठेवावे. बाई म्हणाल्या, ही जुनी धाटणी, आता असं कोणी लिहीत नाही.
आणि मुटर? "मुटर म्हणजे आई. दुसरा अर्थ मला ठाऊक नाही."
"पण बाई, मशीनच्या आत आई कशी येईल?"
"ते तुम्ही कारखान्यातल्या लोकांनी बघायचं. मी कवितेची बाई."
फी विचारली. "हडपसरचे ना? मग मेथी आणा. मंडईत येईपर्यंत ती मान टाकते."

२३ एप्रिल
मेथी दोन जुड्या. बाईंनी मुळं हुंगून पाहिली आणि मगच पाटी काढली.
जर्मनमध्ये तो-ती-ते आहे! बाई म्हणाल्या, इंग्रजीवाली मुलं इथंच रडतात. म्हटलं, मी कशाला रडू, आमच्याकडं जन्मापासून तो-ती-ते. फक्त कोण तो आणि कोण ती ते पाठ करायचं. मशीन तिथंही ती. बरं वाटलं उगाच.

७ मे
बाईंच्या सांगण्यावरून पुस्तक पहिल्या पानापासून धरलंय. रोज सहा ओळी, डबा खाल्ल्यावर. यू.भाई शेजारी बसतात. त्यांना अक्षर कळत नाही, पण मी 'येथे दांड्याला आधार द्यावा' असं म्हटलं की ते लगेच हवेत हात धरून दाखवतात, आधार कुठं द्यायचा ते. अर्धं पुस्तक मी वाचतो, अर्धं त्यांचे हात.

२१ मे
पहिलं प्रकरण संपलं! नऊ पानं. इंग्रजी पुस्तकसुद्धा आयुष्यात कधी पहिल्यापासून वाचलं नव्हतं, त्यात हव्या त्या पानावर बोट ठेवायचो. हे पहिलं असं, की शब्द न् शब्द कमवलाय.
सगळं करावे-घ्यावे-ठेवावे. इंदू ऐकून म्हणाली, "ह्ये तर माज्या आयच्या लोणच्याच्या वहीसारकं हाय. कैऱ्या पुसून घ्याव्या. मीठ कोरडं असावं." खरंच की! पुस्तक लिहिणारा कोण ते माहीत नाही. नाव नाही, प्रस्तावनेखाली दोन अक्षरं फक्त. पण माणूस लोणचं घालणारा आहे. घाईचा नाही.

४ जून
आज एक वाक्य आलं. चाक उतरवण्याच्या आधी. 'आता हात पुसावेत.'
एवढंच. आपण चाकाला हात घालणार, हात तेलकट असणार, चाक निसटणार, हे त्याला आधीच दिसलंय. कुठल्या गावी बसून लिहिलं असेल, आणि हडपसरच्या माणसाचे हात दिसतायत त्याला. वीस वर्षं काम करतोय, कोणी मला हात पूस म्हणालं नव्हतं. साहेब म्हणतात, लवकर आटपा.
खरंच उठून हात पुसून आलो आणि मग पुढं वाचलं. यू.भाई बघत होते. तेही पुसून आले.

१८ जून
पुढचं असंच. 'घाई असल्यास हे काम उद्यावर टाकावे.'
वा रे पठ्ठ्या. हे साहेबांच्या टेबलावर काचेखाली ठेवायला पाहिजे.
मुटर अजून अडलेलीच. प्रत्येक पानावर आई. आई सतरा. आई सतरा घट्ट करावी. आई सतरा अर्धा फेरा मागे घ्यावी. सतरा आया कशा? की आईचा नंबर सतरा? नकाशा पाहिला की कळेल, पण नकाशाची घडी चिकटलेली. सुरीनं सोडवायला गेलो तर कोपरा फाटला. हात आवरला.

२ जुलै
इंदूनं केलं! मी अंघोळीला गेलो तेवढ्यात तिनं भाताच्या पातेल्यावर चाळण ठेवली, चाळणीवर फडकं, फडक्यावर माझं पुस्तक. बाहेर आलो आणि ओरडलोच. "अगं पुस्तक हाय ते! इडली न्हाई!"
"गप उभं ऱ्हावा. पोष्टाची तिकिटं अशीच सुटत्यात."
आणि घडी सुटली. एक पदर, दुसरा पदर, कागद ओला, पण शाई जागच्या जागी. आख्ख्या मशीनचं पोट उघडून समोर ठेवल्यासारखं. एक ते चौपन्न आकडे. बोट फिरवत गेलो, पंधरा, सोळा. सतरा.
नट.
आयला, नट! बोल्ट पोटात घेतो, धरून ठेवतो, ती आई. मला हसूही येईना. आईकडं बघितलं, ती शेंगा सोलत होती. म्हटलं, आये, जर्मनीत नटाला आई म्हणत्यात. ती म्हणाली, "मग? घट्ट कुणी धरावं?"

९ जुलै
बाईंना सांगितलं. वाटलं होतं, काहीतरी टोमणा येईल. त्या उठल्या, मोठा कोश काढला, मुटरच्या समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं: 'नट (जगताप).' कोश जागेवर ठेवून म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकवलं. कुणी सांगितलं नाही मला." आणि चहा टाकायला आत गेल्या. तीन महिन्यांत पहिला चहा.
आपलं नाव कोशात. घरी येईपर्यंत सायकल कधी चालवली कळलं नाही.

२० ऑगस्ट
स्पिंडलचं प्रकरण संपत आलं. एक शब्द राहिलाय. आतल्या नटाच्या पुढं कंसात. लिंक्स-गेविंडे. लिंक्स म्हणजे डावीकडे. गेविंडे खिशातल्या कोशात नाही.
बाई, "अहो, हा तर कवितेतला शब्द! गेविंडे म्हणजे माळ. फुलांची. गुंफलेली." फार दिवसांनी ओळखीचं कोणी भेटावं तसा चेहरा झाला. अर्धा तास कविता म्हणून दाखवली. मला चौथा हिस्सा कळला, पण ऐकत राहावं असा आवाज.
माझ्या वहीत मात्र आता लिहिलंय: आतली आई (डावी माळ). काय करायचं याचं? यू.भाईंना विचारलं तर म्हणाले, "पूजेचं काही असेल. त्यांचाही दसरा असेल." सोडून दिलं. एक शब्द राहिला तर राहिला.

२५ सप्टें.
साहेबांकडे वही घेऊन गेलो. सगळं प्रकरण मराठीत, सव्वीस पानं. उभ्यानं चाळली. "हे तुम्ही केलंत?" हो. "स्वतः?" एक बाई आहेत, यूसुफभाई आहेत, बायको आहे. "बरं. उघडा. पण दसऱ्यापर्यंतच. भंगारवाल्याला त्याच दिवशीचं सांगून ठेवलंय."
सांगून ठेवलंय म्हणे. मशीन काय कुत्रं आहे, न्यायला माणूस बोलवायला? ही मशीन लाकडी पेटीतून निघाली तेव्हा मी तिथं होतो. तिच्यावरचं मेण मी पुसलंय.

७ ऑक्टो.
हात पुसून सुरुवात केली. चाक उतरलं. चाकाकडचा नट डाव्या आट्यांचा, म्हणजे उलटा फिरवून सुटणारा. ते सगळ्यांना ठाऊक, ग्राइंडरला असतंच. सुटला. आता आतला. आतला तो सतरा.

९ ऑक्टो.
आतला हलत नाही. दोन दिवस. रॉकेल सोडलं, गरम तेल सोडलं, यू.भाईंनी पान्याला लोंबकळून पाहिलं. पानाच घसरतो.
पुस्तक म्हणतं, 'येथे धीर धरावा.' धरतो बाबा, पण दसरा धरत नाही.

११ ऑक्टो.
आज खंडेनवमी. सगळं लिहून ठेवतो, एक शब्द सुटता कामा नये.
सकाळपासून शॉप धुणं चाललं होतं. झेंडूच्या पाट्या आलेल्या. साहेब आले, बरोबर दोन माणसं आणि सहा फुटी पाइप. पाइप पान्यावर चढवायचा आणि चौघांनी ओढायचं. यू.भाई म्हणाले, "साहेब, नट तुटेल, नाहीतर स्पिंडल पिळेल." साहेब म्हणाले, "उद्या भंगारातच जाणार. तुटला तर तुटला."
पाइप चढवला. मी पान्यावर हात ठेवून उभा. समोर पाटील ड्रिल मशीनच्या खांबाला माळ गुंडाळत होता. खालून वर, फेरा मारत मारत, तिरकी. आमचा पाटील डावखुरा. फेरे उलटे चढत होते. माळ. गुंफलेली. डावी.
आटे!
अरे देवा, माळ म्हणजे आटे! खांबाभोवती तिरकी चढते ती माळ आणि स्पिंडलभोवती तिरके चढतात ते आटे, त्यांच्याकडं शब्दच एक. डावी माळ म्हणजे डावे आटे. एका टोकाला डावे असले की दुसऱ्याला उजवे, असं आम्ही धरून चाललो होतो. साहेब, यू.भाई, मी, सगळे. दोन दिवस आम्ही तो नट सोडवत नव्हतो, आवळत होतो!
"थांबा!" असा ओरडलो की भटजींनीही घंटा थांबवली.
साहेब, "काय झालं?"
"उलटा आहे. आतला पण उलटा आहे. पुस्तकात लिहिलंय."
"मग आधी का नाही सांगितलंत?"
काय सांगू? की मला वाटलं ती फुलं आहेत? म्हटलं, शब्द आत्ता कळला.
साहेब काही बोलणार तेवढ्यात यू.भाईंनी पाइप काढून बाजूला ठेवला, नुसता पाना घेतला, माझ्याकडं पाहिलं. "तू म्हणतोस ना?" म्हटलं, तो म्हणतो. "मग झालं." आणि उलटा जोर लावला. कट्ट. सुटला. दोन बोटांनी फिरायला लागला.
यू.भाईंनी पाना खाली ठेवला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला, पाठ अजून दुखतेय. मी रडलो. सरळ सांगतो, रडलो.

१२ ऑक्टो., दसरा
साहेबांना मशीन आजच फिरवून पाहायची होती. पूजेला चालू हवी म्हणून. बेअरिंग बसवलंय, नट अर्धा फेरा मागे घेतलाय, सगळं पुस्तकाप्रमाणं. पण पुस्तक म्हणतं, तेल मुरू द्यावे, एक पूर्ण दिवस फिरवू नये. मी नाही म्हणालो. साहेबांना नाही म्हणालो! "घाई असल्यास उद्यावर टाकावे, असं लिहिलंय साहेब."
साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. भंगारवाला गेटवर टेम्पो घेऊन आलेला. साहेब झेंडूची माळ घेऊन स्वतः आले, बंद ग्राइंडरला घातली, हळदकुंकू लावलं. भंगारवाल्याला म्हणाले, "आज सण आहे. परत जा."

१४ ऑक्टो.
चालू केली. आवाज नाही. म्हणजे आहे, पण मांजर मांडीवर घेतल्यासारखा. जॉब घासला, यू.भाईंनी नख फिरवलं, लाट नाही. साहेबांनी आपलं नख फिरवलं. रुमालाला बोट पुसून ऑफिसात गेले.
संध्याकाळी बोलावणं. "जगताप, ते जर्मन पुस्तक ऑफिसात जमा करा. कारखान्याचं आहे." बरोबरच आहे त्यांचं. पण अजून अकरा पानं राहिलीत. म्हटलं, सोमवारपर्यंत द्या. दिलं.

१६ ऑक्टो.
शेवटची अकरा पानं दोन दिवसांत. एप्रिलमध्ये चार शब्दांना एक संध्याकाळ लागत होती.
शेवटचं पान यंत्राचं नाहीच. त्यात तो म्हणतो, की मी हे टेबलाशी बसून लिहिलं आहे, यंत्राशी उभा असतो तो दुसरा माणूस, त्याला जास्त माहीत असतं. काही वेगळं आढळल्यास कळवावे.
कळवावे. इथंही कोणी, कोणाला, ते नाही. पण मला कळलं कोणाला म्हणतोय ते. पुस्तक मिटलं, वर हात ठेवला. असा माणूस जन्मात भेटला नाही. आणि हा भेटला तरी कुठं?
सकाळी जमा केलं.

२३ ऑक्टो.
साहेबांनी पुस्तक परत दिलं! खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, वर त्यांच्या अक्षरात माझं नाव. "तुमच्याकडेच ठेवा. फक्त नदीपासून लांब."
म्हटलं, आता माळावर राहतो साहेब. "माहितेय," म्हणाले. आणि हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा.

२९ ऑक्टो.
त्याला पत्र लिहायचं ठरवलंय. दोन अक्षरांच्या माणसाला, कंपनीच्या पत्त्यावर. कळवण्यासारखं एक आहे: 'लिंक्स-गेविंडे' कंसात बारीक छापलंय, ते जाड अक्षरात हवं. आम्ही जवळजवळ तोडला होता. आणि हात पुसले, तेही कळवायचं. दोघांनी पुसले.
बाईंनी मजकूर तपासला. चुका कमी, मेथी जास्त, असं म्हणाल्या. अडलं ते मायन्यावर. त्यांच्यातही आपल्यासारखं आहे, डू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही. बाई म्हणाल्या, "झी लिहा. अनोळखी माणूस आहे."
"अनोळखी कसा बाई? सात महिने रोज बोलतोय."
"तो बोलतोय. तुम्ही ऐकताय."
"पण आईला आपण तूच म्हणतो. देवाला पण."
"तुमचा एक नट सुटला म्हणून तो लगेच आई झाला होय?"
घरी येताना हडपसरच्या चढावर मनात म्हटलं, हो, झाला.

५ नोव्हें.
दोन अक्षरं आणि जुनं पुस्तक. तो असेल की नसेल, तेही माहीत नाही. पाकीट तयार आहे, तिकिटं चिकटवलीत. इंदू म्हणते, "चुकलं तर वाफंवर सोडवीन."
बाकी सगळं पत्र लिहून झालंय. पहिला शब्द सोडून. उद्या बघू.